द्वंद्व समास

मास्तर निवृत्त झाला तरी त्याच्यातील मास्तरपणा निवृत्त होत नाही. पेन्शनीचा पहिला कागद हाती पडून आता आठ वर्षे लोटली, तथापि अजूनही कोणी दोन शब्द जोडून उच्चारले की माझे मन आपोआप त्यांचा विग्रह करू लागते. हा दोष घरच्या मंडळींनी पत्करलेला आहे. परंतु ह्याच दोषामुळे आमच्या घरात चाळीस वर्षे चालत आलेल्या एका भांडणाचे मर्म मला उमगले, आणि ते एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे सांगावयास बसलो आहे.

आमचा वाडा साताऱ्यास. तीन पिढ्या बारा महिने एका चुलीवर जेवतात असा काळ आता राहिला नाही. तरी गौरी-गणपतीस सारी पाखरे घरट्यात परततात आणि पंक्तीला पंचवीस पाने सहज होतात. त्यांपैकी तीन पाने वहिनी मुद्दाम शेजारी शेजारी मांडतात. पहिले आमच्या थोरल्या बंधूंचे. त्यांना आम्ही दादा म्हणतो; ते पायदळातून कर्नल होऊन १९९८ साली निवृत्त झाले. दुसरे आमच्या धाकट्या बहिणीच्या यजमानांचे. त्यांची सारी नोकरी नौदलात, यंत्रांच्या सहवासात झाली. तिसरे दादांच्याच चिरंजीवाचे. तो वायुदलात हेलिकॉप्टर चालवितो. “हे तिघे लांब बसले तर एकमेकांशी ओरडून बोलतात,” असे वहिनींचे म्हणणे, “जवळ बसले म्हणजे निदान बाकीच्यांना दोन घास शांतपणे खाता येतात.”

बोलणे म्हणजे अर्थात भांडणे. आमचे जावई लोणावळ्यास ‘शिवाजी’वर शिकले. नौदलाची ही संस्था १९४५ पासून तेथे आहे, आणि जमिनीवरील संस्थांनाही जहाजच म्हणण्याची नौदलाची चाल असल्यामुळे तिच्या नावामागे जहाजाचेच बिरुद लावतात. दादांना एवढे पुरे होई. “जावईबापू, दर्यावर्दी होण्यासाठी तुम्ही घाट चढून गेलात! जहाज डोंगरावर नेऊन ठेवले म्हणजे बुडण्याचे भय नाही, हे मात्र खरे.” जावई शांतपणे भात कालवीत म्हणत, “बुडण्याचे भय नाही, दादा. पण पायदळाचे आहे. नकाशा हातात घेतलेला तुमचा नवा लेफ्टनंट कोकणात उतरावयास निघाला की वाट चुकून आमच्याच दारात येऊन उभा राहतो.” घरचे जावई म्हणून दादा त्यांना मान देत, नौदलाला मात्र त्यांनी तो कधी दिला नाही.

जावयांना जमिनीला ‘डेक’ आणि स्वयंपाकघराला ‘गॅली’ म्हणण्याची सवय जडली आहे. एकदा गौरी जेवणाच्या दिवशी “जरा गॅलीत डोकावून येतो” असे ते म्हणाले, तेव्हा वहिनी आतूनच उत्तरल्या, “अवश्य या, पण आमच्या गॅलीला आज सोवळ्यावाचून जहाज लागत नाही!” त्या दिवशी पंक्तीत भूदल आणि वायुदल ह्यांचा संयुक्त विजय झाला.

सलामाचाही एक वाद आहे. भूदलात सलाम करताना तळहात समोरच्यास पूर्ण दिसतो. हातात शस्त्र नाही हे दाखविण्याची ती जुनी रीत, असे सांगतात. नौदलात तळहात खाली वळलेला असतो. शिडांच्या जहाजांवर डांबराने आणि दोरखंडांनी खलाशांचे हात काळे होत, ते वरिष्ठांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून ही पद्धत पडली, अशी त्याची कथा. वायुदलाचा सलाम पूर्वी भूदलासारखा होता. २००६ साली त्यांनी तो बदलून तळहात जमिनीशी पंचेचाळीस अंशांच्या कोनात आणला. त्या वर्षी गणपतीत पुतण्याने नवा सलाम करून दाखविताच दादा आणि जावई, जे कोणत्याही गोष्टीवर एकमत होत नसत, एकदम म्हणाले, “त्रिशंकू!” स्वर्गातही नाही आणि पृथ्वीवरही नाही. आमच्या संस्कृतच्या शिकवणीचा घरात झालेला एवढाच उपयोग मला आठवतो.

पुतण्यासाठी दादांनी एक कायमचा टोला राखून ठेवला होता. “ह्यांचे युद्ध म्हणजे काय? सकाळी न्याहारी करून निघावे आणि दुपारच्या वरणभाताला घरी परत यावे.” पुतण्या हसून म्हणे, “बाबा, आम्हांला परत येता येते ह्याचाच तुम्हांला हेवा वाटतो.” हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

एका गणपतीत त्याने मलाच पेचात धरले. “काका, तिन्ही दलांचा एकच समास करावयाचा झाला तर कोणाचे नाव आधी घालावे?” मी नियम सांगितले. द्वंद्व समासात ज्या पदात स्वर थोडे ते आधी यावे, असा एक नियम आहे. आणि जे अधिक पूज्य ते आधी यावे, असा दुसरा. ‘भूदल’ आणि ‘नौदल’ ही दोन्ही तीन अक्षरांची, ‘वायुदल’ चार अक्षरांचे. तेव्हा पहिल्या नियमाने वायुदल शेवटी गेले. “म्हणजे व्याकरणातही आम्हांला उतरावयास जागा नाही,” असे म्हणून पुतण्याने कपाळाला हात लावला. मग पूज्यतेचा प्रश्न निघाला. जावई म्हणाले, “ब्रिटनमध्ये नौदलालाच ज्येष्ठ सेनादल म्हणतात.” दादा म्हणाले, “म्हणत असतील. हे सातारा आहे.” वाद विकोपास जाणार तोच वहिनी भाताची परात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “ज्याचे पान आधी रिकामे होईल त्याला मी आधी वाढीन.” पाणिनीलाही ह्यापुढे काही सुचले नसते.

ही थट्टा आमच्या घरात उपजली नाही. ती खडकवासल्याहून आली. सैन्यातील भावी अधिकाऱ्यांनी तारुण्याच्या आरंभीच एकत्र राहावे, ह्या विचाराने १९४९ साली देहरादून येथे तिन्ही दलांचे संयुक्त शिक्षण सुरू झाले, आणि खडकवासल्याच्या तलावाकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची वास्तू सिद्ध झाल्यावर १९५५ च्या जानेवारीत तिचे रीतसर उद्घाटन झाले. तेथे तीन वर्षे मुले स्क्वाड्रनांत वाटून राहतात, परंतु ही वाटणी दलांप्रमाणे नसते. भूदलाचा, नौदलाचा आणि वायुदलाचा मुलगा एकाच ओळीतील खोल्यांत राहतो. नौदलात जाणाऱ्यासही घोड्यावर बसावे लागते, भूदलात जाणाऱ्यासही तलावात नाव वल्हवावी लागते, आणि चूक झाली म्हणजे सिंहगड तिघांनाही सारखाच उंच लागतो. त्यानंतरच त्यांच्या वाटा फुटतात. दादांच्या एका बाजूच्या खोलीत पुढे नौदलात गेलेला विद्यार्थी होता आणि समोरच्या खोलीत वायुदलात गेलेला. पुतण्याच्या लग्नात हे दोघेही पांढऱ्या केसांनी आले, आणि मांडवात पाऊल टाकताच त्यांनी दादांना जी विशेषणे बहाल केली, ती ऐकून मुलीकडची मंडळी गांगरून गेली. मी त्यांना समजाविले की ही शिवी नव्हे, ही ओळखीची खूण आहे.

तथापि ह्या थट्टेच्या पोटात एक खरा प्रश्न असतो, तो श्रेयाचा. आमच्या घरी लोंगेवालाचा वाद दरसाल होतो. १९७१ च्या डिसेंबरात, चार तारखेची रात्र आणि पाच तारखेची पहाट ह्यांच्या दरम्यान, राजस्थानच्या वाळवंटातील ह्या ठाण्यावर रणगाड्यांसह मोठे पाकिस्तानी सैन्य चालून आले. ठाण्यात मेजर कुलदीपसिंग चांदपुरी ह्यांच्या हाताखाली पंजाब पलटणीचे सुमारे १२० जवान होते. ते रात्रभर जागचे हलले नाहीत. जैसलमेरच्या तळावर वायुदलाची हंटर विमाने होती, पण त्यांना रात्री लढण्याची सोय नव्हती. उजाडताच ती आली आणि उघड्या वाळूवर आडोशावाचून उभे असलेले रणगाडे त्यांनी एकामागून एक फोडले. “रात्रभर ठाणे धरले कोणी?” हा दादांचा प्रश्न. “रणगाडे फोडले कोणी?” हा पुतण्याचा. “समुद्र तेथे असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता,” हे जावयांचे मत.

एके वर्षी मी ह्या विषयावर थोडे वाचन केले, तेव्हा एक गमतीची गोष्ट सापडली. त्या सकाळी रणगाड्यांवर घिरट्या घालून हंटर विमानांना लक्ष्य दाखविणारे जे लहानसे कृषक विमान होते, ते मेजर आत्मासिंग चालवीत होते. म्हणजे वायुदलाला आकाशातून वाट दाखविणारा मनुष्य भूदलाचा होता! हे मी पंक्तीत सांगितले तेव्हा क्षणभर तिघेही गप्प झाले. मग दादा हळूच म्हणाले, “रात्र आमची, पहाट ह्यांची. रात्र टिकली नसती तर पहाट कोणाला दिसली असती? आणि पहाट झाली नसती तर ती रात्र सांगावयास कोण उरले असते?” एवढे बोलून त्यांनी ताबडतोब पुतण्याच्या पानातील मोदक उचलला, कारण गांभीर्य फार वेळ टिकू देणे त्यांना प्रशस्त वाटत नाही.

१९९९ चा उन्हाळा आमच्या घरातील कोणीही विसरणार नाही. दादा निवृत्त होऊन वर्ष झाले होते. पुतण्या चोवीस वर्षांचा. त्याची नेमणूक काश्मीरकडे होती. छोट्या हेलिकॉप्टरमधून तो वरच्या ठाण्यांवर सामान नेई आणि जखमी जवानांना खाली आणी, हे आम्हांस मागाहून कळले. २६ मे रोजी कारगिलच्या शिखरांवर वायुदलाची कारवाई सुरू झाली. २८ मे रोजी वायुदलाचे एक हेलिकॉप्टर शत्रूने पाडले आणि त्यातील चौघेही वीरगतीस गेले. दूरचित्रवाणीवर ‘हेलिकॉप्टर’ एवढा शब्द उच्चारला गेला आणि पुढचे आमच्यापैकी कोणीही ऐकले नाही. ते मोठ्या जातीचे हेलिकॉप्टर होते आणि पुतण्या छोटे चालवितो, हा भेद घरात फक्त दादांना ठाऊक होता. “ते त्याचे नव्हे,” एवढेच ते म्हणाले. तरीही त्या दिवसापासून त्यांनी आपली खुर्ची टेलिफोनजवळून हलविली नाही.

त्या दिवसांत घरात थट्टा नव्हती. जावई मुंबईहून रोज रात्री फोन करीत, भूदलाचे नाव नाही, डोंगरावरच्या जहाजाचे नाव नाही, नुसते “काही कळले का?” एवढे विचारून ठेवून देत. वहिनी देवघरातील दिव्यात दिवसातून तीनदा तेल घालीत. घरात इतकी शांतता असावी असे आम्हांला पूर्वी कितीदा तरी वाटले होते. ती मिळाली तेव्हा सोसवेना.

पाचव्या रात्री अकराच्या सुमारास घंटा वाजली. दादांनी रिसीव्हर उचलला. पलीकडचा आवाज ऐकून ते क्षणभर काहीच बोलले नाहीत. मग नेहमीच्या सुरात म्हणाले, “काय रे, वरणभाताला परत आलास का?”

पलीकडून काय उत्तर आले ते आम्हांस ऐकू आले नाही. परंतु दादा मोठ्याने हसले. नंतर त्यांनी रिसीव्हर वहिनींच्या हाती दिला आणि अंगणात जाऊन तुळशीवृंदावनापाशी आमच्याकडे पाठ करून कितीतरी वेळ उभे राहिले. मी जवळ गेलो नाही. वहिनी मला नंतर म्हणाल्या, “भाऊजी, ते हसलेले ऐकले तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला. फोन मी नुसता हातात धरला होता.”

त्या रात्री मला कळले की ज्याला मी इतकी वर्षे पंक्तीतील करमणूक समजत होतो, ती ह्या लोकांची एक भाषा आहे. ‘तू जिवंत आहेस ना’ हे ज्या मनुष्याला विचारवत नाही, तो वरणभाताविषयी विचारतो.

ह्याची दुसरी बाजू दोन-तीन वर्षांनी दिसली. दूरच्या नात्यातील एक तरुण गणपतीस आला होता; संगणकाच्या धंद्यात चांगला मिळवता, बोलण्यात चटपटीत. दादांची आणि पुतण्याची जुंपलेली पाहून त्यालाही स्फुरण चढले. तो म्हणाला, “काका, खरेच आहे तुमचे. कारगिलला डोंगर चढले ते तुमचे जवान. ह्या विमानवाल्यांनी तेथे केले तरी काय?” शब्द जवळजवळ दादांचेच होते. परंतु दादांनी हातातील घास पानात ठेवला. “टायगर हिलवर २४ जूनला मिराज विमानांनी बाँब टाकले आणि ४ जुलैला आमच्या जवानांनी ते शिखर घेतले,” ते संथपणे म्हणाले, “आणि जे चढताना पडले, त्यांना खाली आणावयास ह्याच्यासारखी पोरे त्या विरळ हवेत जात होती. ह्याची थट्टा करण्याचा अधिकार मला आहे. तुला तो मिळालेला नाही.” तो तरुण बिचारा ओशाळला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. त्याने शब्द उसने घेतले होते, पण नाते उसने मिळत नाही.

संस्कृतात ‘परिहास’ आणि ‘उपहास’ असे दोन शब्द आहेत. धातू एकच, हस्. उपसर्ग तेवढा निराळा. ‘परि’ म्हणजे सभोवार. मी आपला असा अर्थ लावतो की परिहासाचे हसणे वर्तुळासारखे असते. हसणारा आणि ज्याला हसावयाचे तो, दोघेही त्याच्या आत असतात. उपहास करणारा मात्र वर्तुळाबाहेर उभा असतो. आम्हां कोकणस्थांच्या घरात वहिनी देशस्थांच्या माहेरून आल्या. आमच्याकडची तुपाची धार थेंबांनी मोजावी लागते, हे त्या आजतागायत ऐकवितात आणि आम्ही खाली मान घालून ऐकतो. पण हेच एकदा शेजारच्या बाईंनी म्हटले तेव्हा वहिनींनी त्यांना उंबऱ्यावरच असे काही उत्तर दिले की पुढे कधी तो विषय निघाला नाही.

परंतु परिहासाची मर्यादा सुटून त्याचा मत्सर झाला म्हणजे काय होते, ह्याचा दाखला आमच्या इतिहासातच आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले. गोळे टाकणारे वॉटसन आणि क्लाइव्ह ह्यांचे इंग्रज होते. पण जमिनीवरून त्यांच्या जोडीला नानासाहेब पेशव्यांची फौज होती. तुळाजी आंग्रे पेशव्यांची आज्ञा जुमानीत नसे, किनाऱ्यावरील लोकांनाही त्याचा उपद्रव होता, हे सारे खरे. तरी घरच्या भांडणासाठी परक्याला हाक घातली गेली, आणि घाटावरच्या सत्तेने स्वतःच्याच दर्यावरील बळाचे मरण किनाऱ्यावरून पाहिले. कान्होजींच्या वेळचा तो दरारा कोकणच्या पाण्यावर पुन्हा दिसला नाही. जावई हा विषय कधी थट्टेत काढीत नाहीत, आणि दादाही काढीत नाहीत. थट्टा कोठे थांबते हे ज्याला कळते, त्यालाच ती करता येते.

आता व्याकरणाकडे वळून संपवितो. तत्पुरुष समासात एक पद मुख्य असते आणि दुसरे त्याच्या सेवेस राहते. द्वंद्वात तसे नाही. तेथे प्रत्येक पद प्रधान असते, आणि तरी मिळून एकच शब्द होतो. ‘द्वंद्व’ ह्या शब्दाचा अर्थ जोडी असाही आहे आणि झुंज असाही आहे. हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदतात, हे मी पस्तीस वर्षे मुलांना शिकविले. समजले मात्र मला वहिनींनी मांडलेल्या त्या तीन पानांकडे पाहून. पंक्ती एक, पाने तीन, आणि एकाचे पान दुसऱ्याने ओढले तरी तिघांनाही जेवावयास तेथेच बसावयाचे असते. भाऊ-भाऊ, जावा-जावा, सासू-सून, सर्वांचा विग्रह ह्याच रीतीने करावा, असे मला वाटते.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला, आणि २०२५ च्या मे महिन्यात १७ मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. दादांची नात २०२४ साली तेथे गेली. आजोबा भूदलाचे, वडील वायुदलाचे. तिने निवडले नौदल. जावयांनी साऱ्या आळीत पेढे वाटले. दादा म्हणाले, “किल्ला आतूनच फितूर झाला!”

तिला बोलण्याची सवड मिळते तेव्हा तिचा फोन येतो. दादांची वये झाली. आता ते ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येते, म्हणून फार मोठ्याने बोलतात. “काय गं, होडी उलटली की नाही अजून? आणि सिंहगड किती वेळा दाखविला?” असा त्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. फोन वाजल्यापासून वहिनींच्या हातातील थापलेली भाकरी तशीच परातीत थांबलेली असते. दादांची थट्टा कानी पडली की त्या ती उचलून तव्यावर टाकतात.